तेरा आणि पाच

शीतगृहात त्याला सगळे थंडोबा म्हणत. एक तर त्याचा अख्खा दिवस गारठलेल्या खोल्यांच्या दारात जायचा, आणि दुसरं म्हणजे त्याला चिडलेलं कधी कोणी पाहिलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत हमालांनी त्याचा निम्मा डबा फस्त केला तरी तो एवढंच म्हणायचा, "खा रे, मला कुठे तेवढी भूक असते!" नाव पडलं ते चिकटलं. बायकोसुद्धा लाडात आली की त्याच नावाने हाक मारायची.

तो आला तेव्हा हमाल होता. चौथीतून शाळा सुटलेली, अंगात ताकद बरी, म्हणून मासळीची खोकी पाठीवर घेऊन आत-बाहेर करायचा. त्याला खोल्यांची राखण मिळाली ती मिस्त्रीमुळे. मिस्त्री म्हणजे तिथली सगळी यंत्रं सांभाळणारा माणूस. कॉम्प्रेसरच्या नुसत्या आवाजावरून त्याचं काय दुखतंय ते सांगायचा. डाव्या कानाने त्याला जवळजवळ ऐकू येत नसे. "हा कान यंत्राला दिला, उजवा बायकोसाठी ठेवलाय," म्हणायचा आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचा. त्याने मॅनेजरसाहेबांना सांगितलं, "हा गडी वेळेवर येतो आणि दार नीट लावतो. इथे याहून जास्त अक्कल लागत नाही."

थंडोबाला स्वतःचा भाऊ नव्हता. तो मिस्त्रीला दादा म्हणू लागला आणि त्याच्या बायकोला वहिनी. थंडोबाला मुलगी झाली तेव्हा पहिलं झबलं वहिनीने शिवून आणलं. त्या नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. मुलीला मुंगी हे नाव दादानेच ठेवलं, कारण ती पाळण्यातसुद्धा एक क्षण स्वस्थ पडत नसे.

राखणीचं काम तसं सोपं. प्रत्येक खोलीच्या दारावर एक गोल तबकडी होती, तिच्यावर तापमान दाखवणारा काटा. दिवसभर दर दोन तासांनी काटा पाहायचा आणि वहीत आकडा लिहायचा. मासळी अठरावर ठेवायची, असा नियम. अठरा म्हणजे शून्याच्या खाली अठरा. पण शीतगृहात ‘उणे’ हा शब्द कोणी उच्चारतच नसे. तिथे शून्याच्या वर काही नव्हतंच, मग ऊठसूट उणे उणे कशाला करायचं? तबकडीवर नुसते आकडे होते आणि वहीत रकान्याच्या डोक्यावर उणेची रेघ एकदाच छापलेली होती. आकडा अठराच्या पुढे गेला की खोली फाजील गार झाली, आत गारवा सोडणारा व्हॉल्व्ह थोडा आवळायचा. मागे आला की सैल करायचा. थंडोबाने हे दोन दिवसांत शिकून घेतलं आणि दहा वर्षं एकही चूक केली नाही.

मग तीन नंबरच्या खोलीची तबकडी बिघडली. मिस्त्रीने आपला थर्मामीटर आत ठेवून दोनदा ताडून पाहिलं. नवी तबकडी मागवली, ती यायला महिना लागणार होता. तो थंडोबाला म्हणाला, "ही बया आता खोटं बोलायला लागली आहे. खरं असतं त्यापेक्षा पाचाने जास्त गार दाखवते. काटा जे दाखवेल त्यात पाच मिळवायचे आणि मग वहीत लिहायचं. कळलं?"

"कळलं की. पाच मिळवायचे."

"शाबास."

एवढंच बोलणं झालं. दोघंही घाईत होते, बाहेर गाडी येऊन लागली होती.

काटा तेवीसवर होता. थंडोबाने पाच मिळवले, अठ्ठावीस झाले. बाप रे, अठ्ठावीस! खोली भलतीच गार झालेली. त्याने व्हॉल्व्ह जरा जरा आवळत नेला, दोन दिवसांनी काटा तेरावर आणून ठेवला. तेरा आणि पाच अठरा. त्याने सुबक अक्षरात अठरा लिहिले आणि दुसऱ्या कामाला लागला.

वीस दिवस वहीत अठरा, अठरा, अठरा. मासळी हाताला दगडासारखी टणकच लागत होती, म्हणून कोणाला संशय आला नाही. एकविसाव्या दिवशी माल घेणाऱ्या कंपनीचा तपासनीस आला. त्याने गिरमिटाने एका माशाच्या पोटाला भोक पाडून तापमान मोजायची सुई आत खुपसली, हातातल्या यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे उणे आठ आहे." मग एक तुकडा पाण्यात वितळवून नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं. सगळा माल कडेने पिवळा पडायला लागला होता. चार ट्रक मासळी खड्ड्यात पुरावी लागली. मॅनेजरसाहेबांनी त्याच तिरमिरीत व्हॉल्व्ह पूर्ण सोडायला लावला आणि ती तबकडी उखडून भंगारात फेकली.

चौकशी झाली. टेबलामागे तीन साहेब बसले होते.

"मिस्त्रीने तुला पाच मिळवायला सांगितले होते?"

"हो साहेब."

"मिळवलेस?"

"प्रत्येक वेळी, साहेब. देवाशपथ."

तो खरंच बोलत होता. काटा कितीवर होता, हे मात्र त्याला कोणी विचारलं नाही, आणि विचारण्यासारखं त्यात काही असेल असं त्यालाही वाटलं नाही.

मिस्त्रीला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "फरक पाचाचाच होता. मी दोनदा ताडून पाहिलं."

"मग वहीतले अठरा आणि माशातले आठ, मधले दहा गेले कुठे?"

मिस्त्री पुन्हा तेच म्हणाला, दोनदा ताडून पाहिलं.  मापच चुकीचं घेतलं असा ठपका ठेवून सव्वीस वर्षांच्या नोकरीवरून त्याला काढून टाकलं.

त्यानंतर तो काही रविवार थंडोबाच्या घरी यायचा. चहा घ्यायचा, मुंगीशी थोडं खेळायचा आणि उठता उठता विचारायचा, "तू पाचच मिळवलेस ना रे?"

"पाचच, दादा."

"वजा तर नाही ना केलेस चुकून?"

"नाही हो. मिळवलेच."

"मग माझंच चुकलं असणार," असं म्हणून तो चपला घालायचा. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. सहाव्या की सातव्या खेपेला थंडोबाच्या तोंडून निघून गेलं, "दादा, किती वेळा तेच ते उगाळायचं? चुकलं तुमचं तर चुकलं. आता माझ्या घरात तो विषय नको."

मिस्त्रीने हातातली कपबशी जपून खाली ठेवली. "बरोबर आहे तुझं," म्हणाला. त्यानंतर तो आला नाही.

त्याने घराखाली फ्रिज दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं, पण ते चाललं नाही. हात तेच होते, त्यांच्यावरचा भरवसा उडाला होता. दुरुस्त झालेला फ्रिज तो चार-चार वेळा उघडून बघायचा, आठवडा आठवडा परत द्यायचा नाही. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "अजून खात्री होत नाही हो." माणसं किती दिवस थांबणार? हळूहळू कोणी फिरकेनासं झालं. दोन वर्षांत छातीच्या दुखण्याने तो गेला. थंडोबाने खांदा दिला, धाय मोकलून रडला. आपल्याला हाताला धरून वर आणणाऱ्या आणि एकदाच चुकलेल्या माणसासाठी तो रडला.

पुढे वर्षभराने मुंगीच्या वर्गात पूर्णांक संख्या सुरू झाल्या.

ती संध्याकाळची वेळ होती. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, थंडोबा पाय पसरून बसला होता आणि मुंगी पेन्सिल चावत मोठ्याने वाचत होती, "उणे सात अधिक तीन..."

"उणे दहा," थंडोबा म्हणाला. आकड्यांशी त्याचं बरं जमायचं, त्याला तेवढीच ऐट होती.

"चूक!" मुंगीने टाळी वाजवली. "आई, बाबा चुकले!"

"सात आणि तीन दहा नाहीत होय?"

"आहेत. पण सात शून्याच्या मागे आहेत आणि तीन पुढे निघालेत. बाबा, तुम्ही अगदी शेवटच्या बाकावरचे ढ आहात! चला, बाहेर चला."

त्यांच्या दारासमोर जिन्यापर्यंत जाणारा लांब व्हरांडा होता, चौकोनी फरशांचा. मुंगीने एका फरशीवर स्वतःची चप्पल ठेवली.

"हे शून्य. पलीकडे खिडकीकडे धन संख्या, जिन्याकडे ऋण संख्या. जा जिन्याकडे सात फरशा."

थंडोबा मोजत गेला.

"आता अधिक तीन. म्हणजे तोंड खिडकीकडे करा आणि तीन पावलं टाका. आलात कुठे?"

त्याने खाली पाहिलं. चपलेपर्यंत चार फरशा उरल्या होत्या. "चार."

"उणे चार. तुम्ही अजून जिन्याच्याच बाजूला आहात ना? म्हणून उणे. चिन्हं वेगळी असली की मोठ्यातून धाकटा काढायचा आणि मोठ्याचं चिन्ह लावायचं. दोन्ही उणे असतील तर मात्र दोघंही जिन्याकडेच चालतात, तिथे सरळ मिळवायचं."

वरच्या मजल्यावरची शेजारीण पिशवी सांभाळत जिना चढत होती. "काय गं, बापाला शाळेत घातलंस वाटतं?"

"हो ना, फार मागे राहिलेत," मुंगी म्हणाली, आणि थंडोबा मनापासून हसला. त्याला मजा येऊ लागली होती. दोन-तीन गणितं त्याने चालून सोडवली, बरोबर सोडवली.

"आता तुम्ही मला घाला," मुंगी म्हणाली.

त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "उणे तेवीस अधिक पाच."

"उणे अठरा," मुंगीने पटकन सांगितलं.

थंडोबा जागच्या जागी थांबला. उणे तेवीस अधिक पाच अठरा होत असतील, तर पहिल्या दिवशी ती खोली अगदी हवी तेवढीच गार होती. मग आपण व्हॉल्व्ह आवळत बसलो तो कशासाठी?

"आणि," तो म्हणाला, "उणे तेरा अधिक पाच?"

"उणे आठ. सोप्पं आहे."

"आठ कसे होतील गं?"

"चालून बघा."

जिन्याकडे बाराच फरशा होत्या. तेरावी म्हणून त्याने खालच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तोंड फिरवलं, पाच पावलं टाकली. मग चपलेपर्यंतच्या फरशा मोजल्या. आठ होत्या. पुन्हा मोजल्या. माशाच्या पोटातून काढलेली सुई, तपासनीसाचा कोरडा आवाज, ‘हे उणे आठ आहे’. मधले दहा कुठे गेले ते त्याला आता कळलं. दादाने पाच वर चढायला सांगितले होते आणि तो पाच खाली उतरला होता, दिवसाला सहा वेळा, वीस दिवस.

तो भिंतीला धरून खाली बसला.

मुंगी घाबरली. "बाबा, काय झालं? चुकलं तरी काही होत नाही हो. आमच्या बाई रागवत नाहीत."

"नाही गं," तो म्हणाला. "बरोबर आलं."

मुलगी झोपल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिला गणित कळलं नाही, पण नवऱ्याचा चेहरा कळला. ती हळूच म्हणाली, "दादा तर गेले. आता बोलून त्यांचं काय भलं होणार? तुमची नोकरी जाईल. वहिनींच्या जखमेवरची खपली निघेल. गप्प बसा, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?"

थंडोबा गप्प बसला. चार दिवस वहीत आकडे भरत राहिला. आता दारांवर नवी यंत्रं आली होती, आकड्याआधी उणेची रेघ ती आपली आपणच दाखवत. त्या प्रत्येक रेघेशी त्याचा हात थबकायचा. पानात वाढलेलं तसंच राहायचं. रविवारी सकाळी तो अंघोळ करून आला तर बायकोने न बोलता त्याचा धुवट सदरा खुर्चीवर काढून ठेवला होता.

वहिनी आता एका बेकरीत पाव पिशव्यांत भरायचं काम करत होती. रविवार म्हणून घरी होती. "या भाऊजी, किती दिवसांनी!" म्हणत तिने खुर्ची पुढे केली. थंडोबा खुर्चीवर बसला नाही, जमिनीवर बसला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला.

वहिनीच्या कपाळावर आठी पडली. "पण भाऊजी, तेरा आणि पाच अठराच की."

"मलाही तेच वाटलं, वहिनी."

"मग?"

तिला समजावून सांगायचं म्हणजे काय, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. आपणच केलेला घात, आणि तो तिला आपणच शिकवायचा. त्याने खडू मागितला. तो दादाच्या हत्यारांच्या पेटीत निघाला, पत्र्यावर खुणा करायचा खडू. थंडोबाने जमिनीवर लांब रेघ ओढली, मधोमध शून्य काढलं, डावीकडे एक, दोन, तीन करत वीसपर्यंत गेला. आकडे वेडेवाकडे आले.

"हा काटा तेरावर. बोट ठेवा. डावीकडे जाऊ तसं जास्त गार, शून्याकडे येऊ तसं कमी. तबकडी खऱ्यापेक्षा जास्त गार दाखवत होती, दादा म्हणाले त्यात पाच मिळवा. तर पाच कुठे जायचं?"

वहिनीचं बोट क्षणभर डावीकडे सरकलं, अठराकडे. मग थांबलं. "जास्त गार दाखवत होती... म्हणजे खरं कमी गार." बोट उलट फिरलं आणि शून्याच्या दिशेने एक-एक घर ओलांडत आलं. "बारा, अकरा, दहा, नऊ, आठ."

तिने बोट तिथेच टेकवून ठेवलं.

"म्हणजे त्यांचे पाच बरोबर होते."

"बरोबर होते."

"आणि दोनदा ताडून पाहिलं म्हणायचे ते..."

"तेही बरोबर होतं, वहिनी."

तिने पदर तोंडाशी नेला, पण रडू लगेच आलं नाही. "शेवटी शेवटी हात डोळ्यांसमोर धरून बघत बसायचे. म्हणायचे, या हातांना एक पाच नीट मोजता आला नाही. मी म्हणायचे, सोडा हो, माणूस आहे, चुकतो. भाऊजी, मीसुद्धा! मीही त्यांना चुकलेलेच धरत होते." आणि मग ती रडली. थंडोबा मान खाली घालून त्या रेघेकडे बघत राहिला.

तो म्हणाला, "वहिनी, मला हवं ते बोला."

"काय बोलू? तुम्ही खोटं बोलला असतात तर शिव्या तरी देता आल्या असत्या." तिने डोळे पुसले. "हे त्यांना कळायला हवं होतं. मला कळून काय उपयोग? तुम्ही साहेबांकडे जा. त्यांच्या कागदावर जो डाग लावलाय तो पुसून आणा. एवढं करा."

सोमवारी तो मॅनेजरसाहेबांसमोर उभा राहिला. साहेबांनी ऐकून घेतलं, कागदावर आकडे मांडून पाहिले आणि कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "मिस्त्री गेला, फाइल बंद झाली. आणि तसं बघितलं तर चूक मिस्त्रीचीच. चौथी शिकलेल्या माणसाला नीट समजावून नको सांगायला?"

थंडोबाचा तळहात टेबलावर असा आपटला की पेनं उडाली. "साहेब, त्यांनी मला विचारलं होतं, कळलं का? मी म्हणालो कळलं. तिथे मी चुकलो. त्यांना पुन्हा दोष द्यायचा नाही!"

बाहेर हमाल एकमेकांकडे बघायला लागले. थंडोबाचा आवाज इतका चढू शकतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. साहेब पाण्याचा ग्लास पुढे सरकवत म्हणाले, "बस. पाणी पी. बघतो काय करता येतं."

पत्र निघायला पाच आठवडे लागले. त्यात दोनच ओळी होत्या: मिस्त्रीने घेतलेलं माप अचूक होतं, चूक वहीतील नोंद करताना झाली. दुसरा कागद थंडोबासाठी होता. त्याला राखणीवरून काढून पुन्हा खोकी उचलण्यावर टाकलं होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी, गुडघे कुरकुरायला लागले असताना. त्याने सही केली आणि त्याच दुपारी पाठीवर पहिलं खोकं घेतलं. जुन्या हमालांनी त्याच्या वाट्याला हलकी खोकी ठेवायला सुरुवात केली. तो मुकाट्याने जड उचलायचा.

मुंगीला त्याने स्वतःच सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "मी ते गणित शिकवलंच नसतं तर?"

"तर मी जन्मभर तुझ्या मोठ्या काकांना चुकलेले समजलो असतो," तो म्हणाला. तिचं समाधान झालं नाही, हे त्याला दिसत होतं. 

वहिनीने पत्र दारातच उभं राहून वाचलं. दोनदा वाचलं, घडी घातली. "धाकट्या दिरांना नेऊन दाखवते उद्या. ते चारचौघांत हसले होते यांना." मग विचारलं, "मुंगी कशी आहे?"

"बरी आहे. वहिनी, मी अधूनमधून येत जाऊ? काही हवं-नको बघायला?"

वहिनीने पत्र पदराखाली घेतलं. "नको, भाऊजी. तुमच्याविषयी मनात काही नाही असं म्हणू शकत नाही मी. तुमचं तोंड दिसलं की ते रविवारचे विचारायला जायचे ते आठवणार मला. मुंगीला पाठवत जा. तिच्यावर त्यांचा फार जीव होता."

तेव्हापासून मुंगी दर रविवारी मोठ्या काकूकडे जाते. तिच्याकडून झबल्याचे टाके शिकते, तिला वर्गातल्या गमती सांगते. थंडोबा तिला रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत सोडायला येतो. ती वर जाते आणि तो तिथल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर, दुखरा खांदा दाबत, ती परत येईपर्यंत उभा राहतो. दुकानदाराने दोनदा स्टूल पुढे केलं, पण तो बसत नाही. दोन वर्षं झाली. वहिनीने त्याला अजून वर बोलावलेलं नाही, आणि त्यानेही मुंगीला कधी विचारायला सांगितलं नाही.